बसलेली म्हैस

हे लिहायला मला अकरा आठवडे लागले. पूर्वी एवढ्या वेळात मी अकरा माणसांशी भांडून त्यांतल्या दहांशी समेटही केला असता. आता एक वाक्य मनात जुळवायचं, डाव्या हाताने टाईप करायचं, मोठ्यांदा वाचायचं, चुकलेला शब्द हुडकायचा आणि मग दमले म्हणून चहा प्यायचा, असा माझा उद्योग आहे. तुमच्या घरात कुणाचं स्ट्रोकनंतर बोलणं गेलं असेल, किंवा तुमचंच गेलं असेल आणि कुणी हे तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. 'धीर धरा' वगैरे मी सांगणार नाही. मला ज्यांनी ज्यांनी ते सांगितलं, त्यांचा राग अजून गेलेला नाही.

मी वैशाली. वय चव्वेचाळीस, मूळची सांगलीची. जर्मनीतल्या येनामध्ये भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीचं काम करते. भिंगावर कुठे ओरखडा, कुठे बुडबुडा आहे, ते दिवसभर शोधायचं. नवरा समीर सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगी रेवा नऊ वर्षांची. आणि मी बोलकी. म्हणजे इथल्या मराठी मंडळींत 'वैशालीच्या तोंडी लागू नका' असं नव्या माणसाला आधीच सांगून ठेवायचे, इतकी. बढाई म्हणून सांगत नाही. काय गेलं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगते.

नोव्हेंबरातला मंगळवार

सकाळचे सात वाजले होते. मी रेवाच्या डब्यात पोळीचा रोल भरत होते आणि ती नेहमीप्रमाणे एकाच पायात मोजा घालून पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. मला म्हणायचं होतं, 'बूट घाल, ट्राम चुकेल.' तोंडातून निघालं, "साबण उकळ."

रेवा खो खो हसली. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. मी वाक्य दुरुस्त करायला गेले तर काहीतरी तिसरंच बाहेर आलं. ती आणखी हसली. तिला वाटलं, आई गंमत करतेय. मग माझ्या हातातून डबा पडला आणि माझा अर्धा चेहरा खाली ओघळला. तिचं हसणं थांबलं, आणि ती बाथरूमच्या दारावर थापा मारत बाबाला हाका मारायला लागली.

रेटुंग्सवागन, म्हणजे अँब्युलन्स, लगेच आली. तिच्यातल्या मुलाने मला नाव विचारलं. नाव मला ठाऊक होतं. माझंच नाव, चव्वेचाळीस वर्षं वापरलेलं! तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या आणि पलंगाशी उभं राहून समीरशी बोलल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजव्या हातात जोर येईल, चालताही येईल. भाषेबद्दल आत्ताच काही सांगता येत नाही. त्या हे सगळं समीरला सांगत होत्या. मी मध्ये आडवी पडलेली होते, आणि अर्धंअधिक मला कळत होतं. माझ्याबद्दल माझ्याच डोक्यावरून बोललं जातंय आणि मला टोकता येत नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. खरंच नाही. मला एकच भीती होती. रेवा नऊ वर्षांची आहे, पुढे तेरा होईल, सतरा होईल. तिच्याशी मी बोलणार कशी? तिच्या घरात आई असेल, जेवेल, झोपेल, डोकं हलवेल, पण जिच्याशी बोलावं अशी कुणी नसेल.

सफरचंद

हॉस्पिटलात दोन आठवडे आणि मग डोंगरातल्या रेहा, म्हणजे पुनर्वसनाच्या, क्लिनिकमध्ये सहा. तिथली दिनचर्या म्हणजे घड्याळाला लाज वाटेल अशी. साडेसहाला रक्तदाब, सातला पातळ कॉफी, आठला हाताचा व्यायाम, नऊला चालण्याचा, दहाला बोलण्याचा. संध्याकाळी साडेपाचला थंड पाव आणि चीज, की झाला दिवस. माझ्या खोलीत ऐंशी वर्षांच्या एक आजीबाई होत्या. त्या दिवसभर त्यांच्या मांजराबद्दल बोलायच्या आणि माझ्याकडून कशाचीच अपेक्षा करायच्या नाहीत. त्या सहा आठवड्यांत माझ्या तोंडाकडे आशेने न बघणारं ते एकच माणूस होतं. मी त्यांची ऋणी आहे.

कारण बाकी सगळे बघायचे. बोलण्याच्या तासाला समोर कार्ड यायचं. त्यावर सफरचंद. लालबुंद, पानासकट. सफरचंद मला दिसायचं. त्याची चव आठवायची, सोलताना साल तुटू न देणारा माझा बाबा आठवायचा. शब्द मात्र ना मराठी यायचा, ना जर्मन, ना इंग्रजी. मग समोरची बाई मान थोडी तिरकी करून हसायची आणि म्हणायची, "काही हरकत नाही." मग खुर्ची. मग किल्ली. प्रत्येक कार्डाचं एकच बरोबर उत्तर होतं, ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि मी दर वेळी नापास होत होते. एके दिवशी मी सफरचंदाचं कार्ड घेऊन त्याच्यावर बसले. उठलेच नाही. 'रुग्ण थकलेली होती' अशी त्याची नोंद झाली. रुग्ण थकलेली नव्हती, चिडलेली होती.

रेवा दर रविवारी भेटायला यायची. खोलीत यायची, माझ्या गालाला गाल लावायची आणि लगेच कॉरिडॉरमधल्या माशांच्या टाकीशी जाऊन उभी राहायची. तिथून हलायची नाही. ती लहान आहे, घाबरली असेल, असं समीर म्हणायचा. पण ती माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती, आणि ते मला दिसत होतं. बारीक ओरखडे शोधण्याचाच मला पगार मिळतो.

घरचा कायदा

जानेवारीत मी घरी आले. दारातच भिंतीवर लेबल: 'डी वांड', म्हणजे भिंत. पुढे दारावर, फ्रिजवर, खुर्चीवर, आरशावर, सगळीकडे जर्मन लेबलं. समीरने छापून, कापून, सरळ रेषेत चिकटवली होती. त्याने नवा कायदा केला होता: घरात फक्त जर्मन. मराठी अजिबात नाही. मेंदू आधीच दमलाय, त्याच्यावर दोन-दोन भाषांचं ओझं नको. रेवा जर्मन बोलते, थेरपी जर्मनमध्ये, ऑफिस जर्मनमध्ये, तर तीच एक भाषा पक्की करू. कोलोनच्या एका मित्राने त्याला हे सांगितलं होतं, आणि समीरला ते पटलं होतं.

पटलं, कारण हे आम्ही आधी एकदा केलं होतं. रेवा तीन वर्षांची असताना बोलायला उशीर करत होती. किटामधल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, एका बाईंनी भुवया उंचावल्या, आमच्याच ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मान डोलावली, आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे पोरीशी जर्मन बोलायला लागलो. एकमेकांत मराठी, पोरीशी जर्मन. इथल्या किती मराठी घरांत हे झालंय ते सांगू नका, मला माहीत आहे. पोर बोलायला लागली आणि आपण बरोबर होतो असं आम्हाला वाटलं. ती तशीही बोललीच असती, हा विचार तेव्हा आम्हा दोघांच्या डोक्यात आला नाही.

या खेपेला कायद्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो सासूबाईंना. माझ्या देखभालीसाठी त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर मिरजेहून आल्या होत्या. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसलेली बाई. तोंड चालू, हात चालू. जर्मन एक अक्षर येत नाही. समीरने त्यांना सांगितलं, "आई, वैशालीसमोर मराठी बोलू नकोस. तिचा गोंधळ होईल." आणि त्या खरंच गप्प झाल्या. सकाळी माझे केस विंचरायच्या, भाताचा घास कालवून द्यायच्या, शेजारी बसून लसूण सोलायच्या, सगळं मुक्याने. कधी चुकून "अगं, गरम आ—" निघालं की स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायच्या. एका घरात दोन बोलक्या बायका, आणि दिवसभर फक्त कुकरची शिट्टी.

म्हैस

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सासूबाई रेवाबरोबर लायब्ररीत गेल्या आणि येताना काखेत एक मोठं चौकोनी पुस्तक घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी समीर ऑफिसला, रेवा शाळेत गेल्यावर त्यांनी ते माझ्या मांडीवर उघडलं. लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक होतं, पण आत ना ससा, ना घर, ना एक अक्षर. नुसते रंगांचे फराटे, ठिपके, वेडेवाकडे गोळे. अमूर्त चित्रं, ज्यांच्यापुढे प्रदर्शनात लोक हनुवटीला हात लावून उभे राहतात आणि मनात म्हणतात, हे तर माझी पोरगीसुद्धा काढेल.

सासूबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग कायदा मोडला.

"बाकीच्या पुस्तकांतलं वाचता येतं, पण कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "यात वाचायलाच काही नाही. म्हणजे मी आणि इथली माणसं सारखीच. म्हणून आणलं." मग एका पानावर बोट ठेवलं. राखाडी कागदावर भला मोठा काळा गोळा आणि वर कोपऱ्यात लाल ठिपका. "हे काय असेल गं? मला तर तवा दिसतो."

मी मान हलवली. तवा कसला?

"नाही? मग काय?"

त्यांनी विचारलं आणि पोस्टाच्या खिडकीवर बसल्यासारख्या शांत बसून राहिल्या. त्यांनी मान तिरकी केली नाही. करणार कशी? उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. मी त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिले. किती वेळ ते आठवत नाही. शेजारच्या लसणाच्या अख्ख्या दोन गड्ड्या सोलून झाल्या.

"म्हैस," मी म्हणाले.

आजारपणानंतर कुणी न सांगता, कुणाच्या मागे न म्हणता मी उच्चारलेला हा पहिला शब्द. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येईल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही आलं. त्यांनी चष्मा सारखा केला, पुस्तक जवळ ओढलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हैस? हिला पाय कुठायत?"

मला इतका राग आला! तीन महिन्यांत मी जे जे बरळले त्याला सगळे 'हो, हो, छान' म्हणत आले होते. आणि ही बाई माझ्या एकुलत्या एक शब्दाला आक्षेप घेत होती. मी दात-ओठ खाऊन, डावी मूठ सोफ्यावर आपटून म्हणाले, "बसली!"

"बसलीय होय," सासूबाई म्हणाल्या. "मग बरोबर. आणि हा लाल?"

"कुंकू."

"म्हशीला कुंकू? पोळा बैलांचा असतो, बाई."

आणि मी हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण हसले. त्या दिवशी आम्ही सात पानं केली. त्या सात पानांत मी सफरचंदाच्या कार्डांच्या सहा आठवड्यांहून जास्त बोलले, आणि त्यातलं निम्मं सासूबाईंनी साफ नाकारलं.

क्वाच

मग रोजचंच झालं. घरातली माणसं बाहेर पडली की अकराच्या सुमाराला आमचा अड्डा. पुस्तकं बदलत गेली. लायब्ररीतल्या त्या कपाटात तसली आणखी बरीच निघाली. चोरून मराठी बोलताना जो उत्साह येतो तो औषधाच्या कुठल्या गोळीत नाही. कितीतरी शब्द यायचे नाहीत, कितीतरी चुकीचे यायचे. पण चित्रच असं की चुकीचा शब्दही खपून जायचा. मला 'ढग' म्हणायचं असताना 'उशी' निघालं, तर सासूबाई म्हणायच्या, "असेल, उशीही असेल." मग दोघी ती उशी बघत बसायचो.

एक दिवस रेवाचा शेवटचा तास रद्द झाला आणि ती लवकर घरी आली. आम्हाला कळलंच नाही. हिरव्या पानावरच्या निळ्या पट्ट्यांवरून आमची जुंपली होती. मी म्हणत होते नदी, सासूबाई म्हणत होत्या लुगडं वाळत घातलंय. मागून आवाज आला, "क्वाच!" म्हणजे काहीच्या काही. रेवा दप्तरासकट उभी होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "नदी नाहीये आणि कपडेही नाहीत. ते स्वीमिंग पूलमध्ये खालून वर बघितल्यासारखं आहे."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती माझ्याशी बोलली. ती पाय वाजवत खोलीत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती सरळ सोफ्याच्या टोकाशी येऊन बसली. तिसऱ्या दिवशी थोडी अलीकडे सरकली. मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. पानाकडे बघायचे. तीही पानाकडेच बघायची. समोरासमोर बसवून कुणी आम्हाला 'बोला' म्हटलं असतं तर आम्ही दोघी मुक्याच राहिलो असतो.

लेबलं

समीरला कळायचं होतंच. रेवानेच जेवताना सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"आई, मी तुला सांगितलं होतं ना?" तो सासूबाईंना म्हणाला. "हे बघ, मी इथे जीव तोडून एक सिस्टीम लावतोय, आणि तुम्ही दोघी—"

"सिस्टीम काय, बाबा," सासूबाई म्हणाल्या. "बायको तुझी आहे, कॉम्प्युटर नाही."

मी उठले. फ्रिजवरचं लेबल खरवडून काढलं. मग खुर्चीवरचं. मग दारावरचं. डाव्या हाताने नीट निघत नव्हती, अर्धी फाटून राहायची, तरी काढत राहिले. समीर मागून येत होता. "वैशाली, प्लीज. मी तुझ्यासाठीच करतोय." आरशावरचं लेबल काढताना आरशात मागे तो दिसला. केस पांढरे झालेले, डोळ्यांखाली काळं. तो म्हणाला, "मग मी काय करू? सांग ना. मला काहीतरी करायला नको?"

त्या क्षणी मला त्याचा राग होता आणि त्याची कीवही आली. घर, ऑफिस, विम्याचे फॉर्म, रेवाची शाळा, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होतं, आणि लेबलं चिकटवणं एवढंच त्याच्या हातात होतं. मला हे सगळं सांगायचं होतं. एवढं मोठं बोलणं माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी त्याचा हात धरून त्याला सोफ्यावर बसवलं, पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "बघ. बोल."

त्याने पान पाहिलं. "पाय चार्ट," तो म्हणाला. रेवाने कपाळावर हात मारून घेतला.

फ्राउ हेन्शेल

घराजवळच्या प्रॅक्टिसमध्ये माझी नवी लोगोपेडिन होती, बोलणं परत शिकवणारी थेरपिस्ट. नाव फ्राउ हेन्शेल. मी एक दिवस पुस्तक घेऊन गेले आणि तिची कार्डं बाजूला सारून ते टेबलावर आपटलं. समीरने चाचरत एका भाषेच्या कायद्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "असं तुम्हाला कुणी सांगितलं? ज्या भाषेत येतंय त्या भाषेत येऊ द्या." समीर खिडकीबाहेर बघायला लागला. तीन वर्षांच्या रेवाची आठवण आम्हा दोघांना एकदमच झाली असणार.

फ्राउ हेन्शेलने कार्डं टाकून दिली नाहीत, आणि तिचंही बरोबरच होतं. शब्द घोकावे लागतात. पण तास आता पुस्तकाने सुरू व्हायचा. मी मराठीत बोलायचे, आणि तिला कळावं म्हणून बुधवारी रेवा बरोबर यायची. आईचं तुटकं मराठी ऐकायचं, मनात जोडायचं आणि जर्मनमध्ये सांगायचं, हे तिचं काम. या कामात पोरीला माझ्याकडे बघावंच लागायचं.

पिवळी रेघ

मार्चमधली दुपार. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. रेवा आणि मी दोघीच. पान जवळजवळ पूर्ण पांढरं, मधून एक पिवळी, दातेरी रेघ गेलेली. मला वाटलं वीज. रेवाने पान उलटलं.

मी परत मागे आणलं. "का?"

तिने त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग जर्मनमध्ये, पानाकडे बघत म्हणाली, "ही मी आहे. हसताना. किचनमध्ये."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. चार महिने ही पोर ते एकटीने बाळगून होती. आईच्या डोक्यात काहीतरी फुटत होतं आणि आपण हसत होतो. आपण हसलो म्हणून मदत उशिरा आली. माशांच्या टाकीशी ती हेच घेऊन उभी राहायची. भीती तिला माझी नव्हती.

माझ्या डोक्यात शब्दांची नुसती झुंबड उडाली आणि दारात एकही येईना. आयुष्यात एकदा, एकदाच नीट बोलता यावं असं वाटणारी वेळ, आणि मी 'स… स…' करत बसलेली. रेवाने माझ्या वतीने वाक्य पुरं केलं नाही. ती थांबली. बुधवारच्या तासांनी तिला थांबायला शिकवलं होतं.

"साबण," मी शेवटी म्हणाले. "उकळ." मग पुन्हा श्वास घेऊन, "मी… पण… हसले असते."

तिने वर पाहिलं.

"खूप," मी म्हणाले.

ती माझ्या कमजोर उजव्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, हुंदके देऊन, नाक माझ्या स्वेटरला पुसत. मीही रडले. सासूबाई दारापर्यंत आल्या, बघितलं आणि परत गेल्या. मी सुखी होते. आजारपणात असं म्हणायची पद्धत नाही, पण होते.

भेटायला येणाऱ्यांना

मोठ्याने बोलू नका, आमचे कान शाबूत आहेत. आमचं वाक्य पूर्ण करून देऊ नका. तुमचा शब्द आमच्यापेक्षा वाईट असतो. शेजारी बसलेल्या नवऱ्याला 'आता कशी आहे?' असं विचारू नका. फळांचे फोटो दाखवून 'हे काय?' तर मुळीच नको. लायब्ररीत जा. ज्याचा अर्थ तुम्हालाही कळत नाही असं एखादं पुस्तक आणा, शेजारी बसा, आणि स्वतःला काय दिसतं ते आधी सांगा. मग आम्ही काही म्हटलं की लगेच 'वा, छान' म्हणू नका. पटलं नसेल तर नाही म्हणा. आजारी माणसाची सगळ्यात मोठी उपासमार कसली असते माहीत आहे? त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. मला पथ्याचं जेवण चाललं, पण ते 'हो, हो' चाललं नाही.

आणि हो, मी पूर्ण बरी झालेले नाही. फोन घेताना अजून घाम फुटतो. ऑफिसात अर्धा दिवस जाते, मीटिंगमध्ये मला वेळ लागतो आणि तो मी घेते. ज्यांना घाई आहे त्यांनी घड्याळाकडे बघावं, माझ्याकडे बघू नये.

एप्रिल

सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघं सोफ्यावर बसलो होतो. समीर एका कडेला बॅगांचं वजन फोनमध्ये लिहीत, सासूबाई दुसऱ्या कडेला, मध्ये रेवा आणि मी. नवं पुस्तक. एका पानावर केशरी, जांभळे, एकमेकांवर चढलेले चौकोन. मी म्हटलं हा बाजार आहे, वरून पाहिलेला. रेवाला पुस्तक उलटं धरायचं होतं. तिच्या मते ते मुळात चुकीचं छापलं होतं आणि उलटं धरलं की सरळ सरळ एक माणूस दिसत होता, पळणारा.

मी म्हटलं पळणारा असेल तर पाय दाखव. ती दाखवायला लागली. मी म्हटलं ते पाय नाहीत, ती… ती… रेवा मध्ये बोलायला लागली, मी हात वर केला, शब्द शोधला, "ती छत्री आहे. भाजीवालीची." ती म्हणाली नाइन, म्हणजे नाही. मी म्हटलं हो. पुस्तक तिच्या बाजूला ओढलं जायचं, माझ्या बाजूला ओढलं जायचं. माझी वाक्यं लंगडत होती, पण एकामागून एक येत होती आणि मी थांबत नव्हते. थांबावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

रेवाचा चेहरा लाल झाला. तिने दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलं आणि ओरडली, "आई, तू गप्प बस ना! माझं अजून संपलं नाही!"

मराठीत.

समीरचा फोन हातातच राहिला. सासूबाई तिच्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "अगं ए, आईशी असं बोलतात?"

रेवा एकदम घाबरली. आपण काय बोललो ते आधी तिच्या ध्यानात आलं, कुठल्या भाषेत बोललो ते मागाहून. ती माझ्याकडे बघायला लागली. सरळ डोळ्यांत.

पाच महिने सगळं जग मला 'बोल, बोल' म्हणत होतं. डॉक्टर म्हणत होते, नर्सेस म्हणत होत्या, सांगलीहून व्हिडिओ कॉलवर रांग लावून नातेवाईक म्हणत होते. गप्प बस म्हणणारं हे पहिलं माणूस. गप्प बस असं कुणाला सांगतात? जिचं बोलणं संपत नाही तिला. माझ्या अंगात जुना, ओळखीचा ताव चढला.

मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं, माझ्या मांडीवर सरळ ठेवलं आणि म्हणाले, "नाही बसणार."